दुसरं करडू

जनावरांच्या दवाखान्यात मांजराची टोपली मांडीवर घेऊन मी बसले होते. शेजारी पोत्यात गुंडाळलेलं करडू छातीशी धरलेले एक काका, आणि त्यांची शेळी विकत घेतलेली एक बाई.

"काका, शेळी माझी, मग करडंही माझीच."

"शेळी गाभण आहे, एक करडू होईल, असं बोलून सौदा झाला. झाली दोन. हे वरचं माझं."

"आणि एकही जगलं नसतं, तर पैसे परत दिले असते?"

"ते कसे देणार? तुमचं नशीब."

"मग हेही माझंच नशीब!"

"अहो ताई, तुमचा गोठा होईपर्यंत तिला सांभाळली कुणी? व्याली माझ्या दारात."

"मागे तिला ताप आला, तेव्हा फोनवर काय म्हणालात? 'तुमची शेळी आजारी आहे, येऊन बघा.' आजारी पडली की माझी आणि व्याली की तुमची?"

"न्या दोन्ही. फक्त याला बाटलीनं पाजावं लागतं, आई जवळ घेत नाही. आणि दिवा मालवला की ओरडतं. पांघरुणात घेतलं की झोपतं."

"कुणाच्या पांघरुणात?"

"थंडी होती हो."

"अगंबाई! मग राहू दे हे तुमच्याकडे, बाटली सुटेपर्यंत."

"आणि तोवर दगावलं तर?"

"तर माझं दगावलं, काका. विकत घेतलंय मी."