सर्वांना चाळीस

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, आणि मागच्या रांगेत अजून गप्पा मारत असलेले सभासदहो,

आपल्या डोंगर-सायकल क्लबचे प्रमुख आज निवृत्त होत आहेत. नात्याने ते माझे धाकटे दीर. त्यांच्यामुळे अनेकांचे गुडघे शाबूत राहिले आणि अनेकांचे संसारही, कारण नवरे सुट्टीच्या सकाळी घराबाहेर गेले. हे कौतुक मनापासूनचं आहे.

आता दुसरी बाजू. डोंगराच्या फाटकाशी भाऊजी पंप घेऊन उभे राहतात आणि प्रत्येकाच्या टायरमध्ये स्वतः चाळीस पौंड दाबाची हवा भरतात. समोर बसलेले आपले धिप्पाड बेकरीवाले असोत, नाहीतर माझी काडीसारखी सून. मी हरकत घेतली की उत्तर ठरलेलं. शिस्त म्हणजे शिस्त, वहिनी.

ही कसली शिस्त? सगळ्यांना एकाच मापाचे बूट घालता का? जड माणसाला हवा जास्त लागते, हलक्याला कमी. सुट्या दगडांवर टायर जरा दबला, तरच जमीन धरतो. फारच कमी ठेवली तर रिम दगडावर आपटते, हेही मान्य. म्हणून तर आपलं वजन आणि पुढची वाट बघून थोडी थोडी सोडत जायची. यात अवघड काय आहे? पण मी सांगायचं, आणि पालथ्या घड्यावर पाणी.

मागच्या हंगामात उतारावर सुनेचं टणक चाक दगडावरून उडालं. खांद्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण सायकल जिन्याखाली धूळ खाते आहे. मी विचारलं, तर म्हणाली, "आई, काकांना 'नाही' म्हणवत नाही. त्यापेक्षा जातच नाही."

भिडेखातर त्या पोरीने डोंगर सोडायचा?

आणि आज मला इथे कशासाठी उभं केलं आहे? भाऊजींच्या सन्मानार्थ फाटकावर 'सर्वांना चाळीस' अशी पितळी पाटी लागणार आहे, आणि आधी इथे मेजावर तिचं अनावरण माझ्या हस्ते. अध्यक्षमहाराज, क्षमा करा. मी हा पडदा उघडणार नाही.

भाऊजी, मान वर करा. तुमचा मान या पितळेत नाही. उद्या सकाळी फाटकाशी या, पण पंप घरी ठेवून. सून आपल्या टायरमधली हवा सोडेल, तेव्हा शेजारी उभे राहा आणि एक शब्दही बोलू नका. तेवढं केलंत, तर ती डोंगर चढेल.

एवढं निमूटपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलणं कुणाला लागलं असेल, तर पोटात घाला. पाटी मी घरी घेऊन जाते आहे.