पाच मंडयांसाठी घर

साकोलीच्या बसथांब्यावर तुमसरची गाडी यायची होती. चंद्रभागाबाई बाकावर टेकल्या, तर शेजारी दवाखान्यातली नर्स रुखमिणी आणि तिचा धाकटा भाऊ टिकाराम यांची चांगलीच जुंपलेली.

“बाई, पाच वर्सानं तू रिटायर होशीन, आपल्या गावी आसगावले येशीन. मंग इथं घर कायले घेऊन राहिली?”

“पाच वर्स म्हनजे दिवाळीनंतरच्या मंडईच्या पाच जत्रा, टिकाराम.”

“अन् कर्ज पंधरा वर्साचं!”

“हप्ता लहान बसते. पाच वर्सानं घर इकीन, बँकेचं उरलं ते फेडीन.”

“मुदतीआधी फेडलं तं दंड लागते ना वं!”

“या कर्जात नाई लागत. दुसऱ्यात लागते, म्हनून ते सोडलं. बँकेच्या साहेबाकून लिहून घेतलं मी.”

“पाच वर्स भाड्यानंच राय ना.”

“बावीस वर्स रायली! मंडईले पाव्हने आले का घरमालकीन दारात उभी राहून डोस्के मोजते. मागच्या साली नाटक पाहून तू दवाखान्याच्या वऱ्हांड्यात झोपला.”

“लय कुडकुडलो बाप्पा.”

“औंदा माह्या वसरीत झोपजो. सासरचेही आन.”

“सारे?”

“सारे! बैलबंडी भरून आन.”

चंद्रभागाबाईंना हसू आवरेना. रुखमिणीने वळून पाहिलं.

“तुमीबी या जी मंडईले. कवाच्या आयकून राहिल्या!”

“येईन ना माय. कोनाची खोली म्हनून पुसू?”

“खोली नोका म्हनू,” रुखमिणी पदर सावरून ताठ बसली. “रुखमिणी नर्सचं घर म्हना.”