अकोट्याला गेलेली बॅग

माझ्या सासूबाईंचं तुम्हाला फार कौतुक आहे ना, मग हे ऐका. आठवा महिना सरताच मी दवाखान्याची बॅग भरली. त्यात गाऊन, झबली, दुपटी आणि तपासण्यांची अख्खी फाइल होती. माझा रक्तगट निगेटिव्ह, म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं की फाइल विसरायची नाही.

सासूबाई म्हणाल्या, "बाळाच्या आधी बाळाची बॅग भरू नये. ते घाई करतं."

मी म्हटलं, "आई, बॅग काही बाळाचा मुहूर्त काढत नाही." त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, पटलं.

दिलेल्या तारखेच्या पंधरा दिवस आधीच, भर दुपारी कळा सुरू झाल्या. कपाट उघडलं, तर बॅग नाही.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "ती मी मावशीकडे ठेवलीय, अकोट्याला."

मावशी, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारी त्यांची बहीण, घराला कुलूप लावून लग्नाला गेलेली. नवरा कुलूप तोडायला पळाला आणि मी सासूबाईंबरोबर रिक्षाने दवाखान्यात.

गुजराती नर्सने विचारलं, "बेन, फाइल क्यां छे?"

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "पहेलेथी बेग न भराय ने, बेन." आधीपासून बॅग भरायची नसते म्हणे!

फाइल नाही म्हणून कळा सोसत मी तपासणीसाठी पुन्हा रक्त दिलं. संध्याकाळी मुलगी झाली, सुखरूप.

मी म्हटलं, "बघितलंत? बॅग घरात नव्हती, तरी हिने घाई केलीच."

तिला मांडीवर घेत त्या म्हणाल्या, "तू माझ्याशी भांडतेस ते आत ऐकत होती ती. म्हणाली, लवकर जाऊन आजीची बाजू घेऊ."

आणि यावर, तोवर बॅग घेऊन पोचलेला माझा नवरा हसला.