बांधलेली बोट

मी, सुहासिनी मुरलीधर पेंढारकर, वय चौसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार मदन महल, जबलपूर. आज आपण होऊन पोलीस ठाण्यात आले असून विचारल्यावरून सांगते की,

माझी नात चिन्मयी हिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी नर्मदेच्या पायी परिक्रमेचा नवस बोलले होते. नदी उजव्या हाताला ठेवून चालायचं, मध्ये कुठेही ओलांडायची नाही. ओलांडली की परिक्रमा मोडते. अमरकंटकहून दक्षिण काठाने निघून, समुद्राशी नियमाप्रमाणे काठ बदलून मी उत्तर काठाने परतत होते. जबलपुरात घर वाटेवर होतं, तरी गेले नाही. आता फक्त अमरकंटक गाठायचं राहिलं होतं.

आज दुपारी बरगी धरणाच्या काठावर माझा मुलगा अनिमेष चिन्मयीला घेऊन भेटायला आला. त्याने मित्राची मोटरबोट आणली होती. ती झाडाला बांधलेली होती. "आई, ऊन आहे, छताखाली बसून जेव. बोट कुठे पळून राहिली?" असं तो म्हणाला. नात आत बसली होती म्हणून मी चढले. एरवी चढले नसते.

मी नातीला पुरी भरवत असताना त्याने दोरी सोडून इंजिन चालू केलं. मी थांबव म्हणाले. पुन्हा म्हणाले. "काहून एवढी घाबरून राहिली? हे तर धरणाचं पाणी आहे, नदी थोडीच आहे. एक चक्कर मारू." याला भूगोल मी शिकवला आहे. धरणात अडली म्हणून ती नर्मदा राहत नाही, असं मी शिकवलेलं नाही.

चक्कर मारलीच नाही. बोट सरळ दक्षिण काठाला लावली. तिथे त्याची गाडी ड्रायव्हरसह उभी होती, म्हणजे हे आधीच ठरवलेलं होतं. म्हणाला, "पाय बघ तुझे, सडून राहिले. आता तुटलीच ना परिक्रमा? चलो, घरी चल." त्याला माझी दया आली असेल. मला त्या दयेची चीड आहे. पाय माझे आहेत.

चिन्मयीने विचारलं, "दादी रो क्यों रही है?" मी रडत नव्हते.

गाडीत बसले नाही. ठाण्यापर्यंत चालत आले.

इथले साहेब म्हणाले, "माताजी, घर का मामला है. केस बनेगा तो उस बच्ची का बाप ही थाने के चक्कर काटेगा." तो कुणाचा बाप आहे हे मला माहीत आहे. मी नाही म्हणत असताना मला फसवून नेलं. केस करा.

वरचा मजकूर मला वाचून ऐकवला, मी सांगितला तसाच उतरला आहे. सही वाकडी आली ती रागाने, तेवढंही लिहून घ्यावं.