साडेचारशेला जळलेलं कार्ड

आईशपथ, खरं सांगतोय. म्हणजे बरंचसं.

कंपनीनं माझ्या ग्राफिक्स कार्डाच्या स्पीडला चारशे मेगाहर्ट्झची लिमिट घातली होती. मी ती तोडून साडेचारशेला नेलं आणि कार्ड जळलं. अप्पांना कळायच्या आत वॉरंटीत बदलून घ्यायला धारवाडहून हुबळीचं सर्व्हिस सेंटर गाठलं.

काउंटरवरच्या अण्णानं विचारलं, "लिमिट ओलांडलीस? मग वॉरंटी नाही."

"नाही."

त्यानं हळूच दार लोटलं. "माझं चारशेवीसला जळलं. तुझं?"

"साडेचारशे."

अण्णा उठून उभा राहिला, हात मिळवला आणि फॉर्मवर कारण लिहिलं: वीज पडली.

"अण्णा, जानेवारी चाललाय."

"धारवाडात कधीही पडते."

नवं कार्ड घेऊन आलो. तुझं कार्ड अजून लिमिटमध्येच चालतं ना? मग चहाचे पैसे तू दे.