बंडीतली पदयात्रा

नलू : मोठेबाबा, उठा. गावची शीव आली. उतरा बंडीतून.

अण्णाजी : आली? आत्ताच तर डोळा लागलता. टोपी कुठं गेली माझी?

नलू : तुमच्याच अंगाखाली. वडाखाली लोक जमले पाहा, हार घेऊन.

अण्णाजी : चिंधू, बैल थांबव बाबा. आज उतरायचं नाही.

नलू : काऊन? पवनारपासून प्रत्येक गावात शिवेपासून देवळापर्यंत तरी चालले तुम्ही. बाकीचा सारा रस्ता मी चालली. पदयात्रा नक्की कोणाची हाये?

अण्णाजी : पदयात्रा हा विचार असतो, पोरी. विचार चालला पाहिजे. साठीला टेकलेल्या शरीराचं ओझं त्याच्यावर कशाला? मिठाच्या सत्याग्रहाला पन्नास वर्षं झाली आणि वर्ध्याचा माणूस समुद्राकडे निघाला, हेच केवढं मोठं. पोचणं गौण.

नलू : सकाळी तो फटफटीवाला येऊन काय सांगून गेला?

अण्णाजी : काही नाही.

नलू : तवापासून तुमचं तोंड उतरलं.

अण्णाजी : इलेक्शनचं तिकीट लक्ष्मणरावाले देलं. झालं समाधान?

नलू : मंग? समुद्र बी लक्ष्मणरावाच्या घरी गेला का?

अण्णाजी : चैताचं ऊन पाहून राह्यली ना? डॉक्टरनं मले चालाले मनाई केली.

नलू : कवा?

अण्णाजी : आज वर्ध्याले पोचलो की करन तो मनाई. चिंधू, फिरव बंडी.

नलू : थांबा. तुम्ही माह्या बाबाले, तुमच्या सख्ख्या भावाले, शब्द देलता. पोरीले आधी समुद्र दाखवतो, मंग पाहुणे येऊ द्या, असं तुम्हीच म्हटलं. हिंगणघाटवाल्याइले मी हो म्हटलं, ते समुद्रापायी. एकदा त्या घरात गेली का मले कोण नेते?

अण्णाजी : नवरा नेईन.

नलू : मोठीआईले तुम्ही नेलं?

अण्णाजी : तिनं कधी म्हटलं नाही.

नलू : तुम्ही विचारलं?

अण्णाजी : अवं, समुद्र म्हणजे तरी काय? पाणीच. धाम नदी पाहिली ना? खारंच पाहिजे तर घरी बादलीत मीठ घालून देतो.

नलू : घालसान बी. तुम्ही जा. हार मी घेतो.

अण्णाजी : एकटी? मॅट्रिकची परीक्षा काय दिली, शिंगं फुटली. लोकाइले काय सांगशीन?

नलू : विचार पुढं आला, शरीर बंडीत घरी गेलं.

(बंडी वळते. नलू एकटीच वडाखाली पोचते. एक बाई परात घेऊन तिच्यापुढे बसते.)

धुरपता : बस बाई. मी धुरपता. यात्रेवाल्याइचे पाय धुवाचं काम या गावात माह्याकडं. अण्णाजी कुठं राह्यले?

नलू : त्याइले वर्ध्याले काम निघालं.

धुरपता : हो, बंडीची धूळ दिसून राह्यली. पाय ठेव परातीत. झोंबते का?

नलू : थोडं.

धुरपता : फोड फुटले ना. लय पुढाऱ्याइचे पाय धुतले म्या. पाणी जसं आणलं तसंच फेकत होतो. आज पह्यल्यांदा माती निघाली. कुठपावतर जातं?

नलू : समुद्रापावतर म्हणून निघाली. आता मालूम नाई. एकट्या पोरीले कोण जाऊ देते? बाबा येतीन, घेऊन जातीन.

धुरपता : रडू नको. बंडी वर्ध्याले पोचाले सांज होईन, तुये बाबा उद्याशिवाय नाई येत.

नलू : मावशी, तुम्ही पाह्यला समुद्र?

धुरपता : म्या पुलगावचा बाजार पाह्यला. तिकडं पाण्याले एकच काठ असते म्हणते, दुसरा दिसतच नाई. खरं हाये का?

नलू : पुस्तकात तसंच हाये.

धुरपता : पुस्तकातलं सोड. हे घे, पाय पूस. अन् थांब जराशीक, घराले कडी लावून येतो.