पिशवी काढल्यावर काय राहतं

मंडळी, मागं उभे असलेल्यांनी पुढं सरका, लिंबाखाली सावली आहे. या पटांगणात मी तीस वर्षं बोलत आलोय. मला कधी माइक लागला नाही. आज माइक हातात दिलाय, सवय नाही. सांभाळून घ्या.

आपली लता गेली. शाळेत खिचडी शिजवणारी लता. वय अडतीस. तुमच्या लेकरांनी तिच्या हातचं खाल्लं. त्याआधी ती माझी विद्यार्थिनी होती, हे नव्या लोकांना माहीत नसेल. शेजारच्या वाडीवरून चालत यायची. पुढं लग्न होऊन याच गावात आली, रामकिसनच्या घरात.

माझ्याआधी जे बोलले, ते चांगलं बोलले. कोणी म्हणालं नशीब. कोणी म्हणालं, देवालाही चांगली माणसं लागतात. मला हे पटत नाही. मला जे माहीत आहे ते मी सांगतो. आयाबायांनो, राग आला तर माझ्यावर काढा.

सहा वर्षांपूर्वी लताची पिशवी काढली. आपल्याकडं बाईला अंगावरून जायला लागलं, कंबर धरली, की कोणीतरी म्हणतंच, पिशवी काढून टाका, कटकट मिटंल. लताचीही काढली. सासूबाई इथं समोर बसल्यात. त्यांनी तिचं लेकीसारखं केलं. त्यांना बिलकुल बोल लावू नका.

मंग मागच्या वर्षी तिचं पोट फुगायला लागलं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. परकराची नाडी पुरंना. बायका म्हणल्या, गॅस असंल, ओवा खा. एक म्हणली, तपासून ये. तर दुसरी म्हणली, "आता काय तपासतीस गं? पिशवीच न्हाई, तर रोग व्हईल कशाला?" सगळ्यांना ते बराबर वाटलं. लतालाही वाटलं.

पण तिच्या मनात काहीतरी होतं. घनसावंगीला जाणाऱ्या जीपमध्ये ती मला भेटली. मी पुढं, ती माझ्या पाठीमागं, आजूबाजूला गावातले सात-आठ जण. हळूच म्हणली, "सर, पिशवी काढल्यावर पोटात काय राह्यतं हो?"

मंडळी, मला उत्तर माहीत होतं. विज्ञानाचा मास्तर आहे मी. गर्भाशय काढलं तरी बाजूची दोन अंडाशयं पुष्कळदा ठेवतात, तरुण बाईची तर जास्तच, हे मला माहीत होतं. पण जीप भरलेली. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. मला लाज वाटली. मी म्हणालो, "काही नाही. काय राहणार?" आणि बाहेरचा ऊस बघत बसलो.

आठ महिने. त्या दिवसापासून संभाजीनगरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत आठ महिने गेले. अंडाशयाचा कॅन्सर. पोटभर पसरलेला. लवकर आणलं असतं तर वाचली असती का, असं मी तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, छातीठोक सांगता येणार नाही. काही दिवस मी त्यांच्या त्या वाक्याला धरून बसलो होतो. आता तेही धरवत नाही.

दवाखान्यात तिला भेटायला गेल्तो. ती म्हणली, "सर, धावीला आपण ती आकृती काढली व्हती ना? मेंढ्याच्या शिंगावानी? बाजूला दोन गोळे?" मी म्हणालो, हो. "मला पाचपैकी पाच दिल्ते तुम्ही." म्हणालो, दिले होते. मंग म्हणली, "ते माझ्या पोटातलं व्हतं व्हय? मला वाटलं, परीक्षेपुरतं हाय."

यात तिची काय चूक? तो धडा आला की मी काय करायचो? फळ्यावर आकृती काढायचो, नावं द्यायचो, म्हणायचो, उतरवून घ्या, हमखास येते. बाकीचं घरी वाचा. घरी कोण वाचणार? वर्गाकडं पाठ करून शिकवलेला माझा तो एकच धडा. पोरींनी पेन्सिलीला टोक करून सुंदर आकृत्या काढल्या. आणि सासरी जाऊन सगळ्याला एकच शब्द शिकल्या. पोट दुखलं, पिशवी. पांढरं गेलं, पिशवी. लाल गेलं, पिशवी. आत गर्भाशय वेगळं, त्याचं तोंड वेगळं, नळ्या वेगळ्या, अंडाशयं वेगळी. प्रत्येकाचं काम वेगळं, दुखणं वेगळं. नाव मात्र एकच. मंग ती एक वस्तू काढली की बाई सुटली, असं वाटणारच ना?

रामकिसन, मी तुझी माफी मागत नाही. कोणत्या तोंडानं मागू?

एक सांगतो आणि थांबतो. परवा गोदावरीवर दहावा झाला. लताची मुलगी माझ्याजवळ आली. सोळा वर्षांची पोर. म्हणली, "सर, मम्मीला ते दोन गोळे व्हते, तसे माझ्यात पण हायेत का?" बाजूला चार बाप्ये बसलेले. आणि मी, या वयाला, लता जाऊन दहा दिवस झालेले असताना, म्हणालो, "नंतर सांगतो."

पोरी, तुला उभं करत नाही. बस तिथंच, आज्जीजवळ. पण ऐक. सगळ्या पोरींनी, बायांनी ऐका. आणि बाप्यांनो, खाली बघू नका.

आहेत. दोन आहेत. बेंबीच्या बरंच खाली, गर्भाशयाच्या एक डाव्या अंगाला, एक उजव्या. बदामाच्या आकाराची. अंडाशय म्हणतात त्यांना. पिशवी काढली तरी ती पोटात राहू शकतात. ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरला विचारायचं, काय काढलं आणि काय ठेवलं. कागदावर लिहून घ्यायचं. पोट फुगून राहिलं, भूक मेली, तर ओव्यावर थांबायचं नाही. तपासायला जायचं.

लता, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या लेकीला दिलं गं. तुला द्यायचं राहिलं.

मंडळी, उभे राहू या. दोन मिनिटं.